मागच्या चाकांची खबर: कॅरव्हॅनसाठी घेतलेल्या टायर सेन्सरच्या संचाचा अनुभव

कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, मागे जोडून वस्तीपासून लांबच्या वाटेला निघणार असाल, तर पहिला खर्च टायरमधल्या हवेवर नजर ठेवणाऱ्या सेन्सरच्या संचावर करा. मोठा जॅक, भारी पाने, जास्तीची स्टेपनी ही खरेदी त्यानंतर. हा संच मी भरपूर वापरला आहे, डांबरी रस्त्यावर, खडीच्या रस्त्यावर आणि जिथे रस्ता म्हणजे आधी गेलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या तिथेही. तो कशात चांगला, कशात कमी पडतो आणि त्याच्या जोडीला काय लागतंच, ते सविस्तर लिहितो. ब्रँडचं नाव देत नाही, कारण एकसारखे दिसणारे संच वेगवेगळ्या नावांनी विकले जातात. गुण पाहून घ्यायची ही वस्तू आहे.

माझी सगळी नोकरी कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात झाली. मशीन बंद पडण्याआधी बहुतेक वेळा सांगतं, हे तिथे पक्कं ठसलं. आवाज बदलतो, हाउसिंग तापतं, ग्रीसला जळका वास येतो. राउंडला निघालेला माणूस पंप, मोटार, गिअरबॉक्स यांना हात लावत जातो तो याचसाठी. ओढणारी गाडीही अशीच बोलते. स्टिअरिंग एका बाजूला जायला लागलं, सीटखाली थरथर आली की ड्रायव्हरला लगेच कळतं. मागच्या कॅरव्हॅनचं मात्र काहीच कळत नाही. तिच्या चाकांचा आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही, थरथर टो बॉलपाशीच, म्हणजे कॅरव्हॅन जिथे जोडतात त्या गोळ्यापाशीच, विरते आणि आरशात दिसतो तो धुळीचा लोट. दोन एक्सलची कॅरव्हॅन असेल तर एका टायरची हवा पूर्ण गेली तरी शेजारचा टायर भार उचलून धरतो. गाडी कलत नाही, ओढ बदलत नाही आणि ड्रायव्हर त्याच वेगात पुढे जात राहतो.

त्या वेळात मागे काय होतं? हवा कमी झालेल्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते. दुमडण्यातून उष्णता तयार होते, उष्णतेने रबर आणि आतले थर यांची पकड सुटते, मऊ झालेला टायर आणखी दुमडतो आणि आणखी तापतो. शेवटी तो चिंध्या होऊन उडतो. उडताना चाकावरचा पत्रा, ब्रेकची वायर, पाण्याचा पाइप, गॅसची नळी, यातलं जे वाटेत येईल ते ओरबाडून नेतो. शिवाय शेजारच्या टायरने इतका वेळ जवळजवळ दुप्पट ओझं वाहिलेलं असतं, त्यामुळे त्याच्यावरही भरवसा उरत नाही. सुरुवात झालेली असते एका खिळ्याने, जो वेळेवर कळला असता तर पंक्चर काढून अर्ध्या तासात निघता आलं असतं. ओसाड प्रदेशातल्या बिघाडांकडे मी याच नजरेने पाहतो. जे बिघाड प्रवास संपवतात, त्यांतले बरेचसे आधी लहान असतात आणि मागच्या बाजूला कुणाचं लक्ष नसतं म्हणून मोठे होतात.

पुढच्या गाडीत हा इशारा आता बहुतेकांना आयताच मिळतो. टायर निकामी होऊन गाड्या उलटण्याच्या घटनांनंतर अमेरिकेत २००० साली ट्रेड (TREAD) नावाचा कायदा झाला. त्यातून आलेल्या नियमाने सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना हवेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. हवा ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के उतरली की डॅशबोर्डवर दिवा लागलाच पाहिजे. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती लागू झाली. हे नियम मोटारींसाठी झाले, मोटारीमागे ओढायच्या हलक्या कॅरव्हॅनसाठी नाही. म्हणून जिथे इशाऱ्याची गरज सर्वात जास्त, तिथे तो आपल्यालाच विकत घेऊन बसवावा लागतो.

माझ्या संचात व्हॉल्व्हवर टोपणासारखे फिरवून बसवायचे सेन्सर आहेत, डॅशबोर्डवर ठेवायचा छोटा स्क्रीन आहे आणि कॅरव्हॅनच्या पुढच्या भागात बसवायचा एक रिपीटर, म्हणजे सेन्सरचा सिग्नल पकडून पुढे स्क्रीनपर्यंत पोचवणारं यंत्र. प्रत्येक सेन्सर हवेचा दाब आणि तापमान रेडिओने पाठवतो. रिपीटर नसेल तर लांब कॅरव्हॅनच्या मागच्या चाकांचा सिग्नल मध्येमध्ये तुटतो, कारण वाटेत लोखंडी चासी, पाण्याची टाकी आणि ओढणाऱ्या गाडीचा सगळा सांगाडा असतो. काही विक्रेते रिपीटर वेगळा विकतात. तो घेतल्याशिवाय संच पूर्ण झाला असं समजू नका. माझा रिपीटर कॅरव्हॅनच्या बॅटरीवर कायमचा जोडलेला आहे. आतल्या बॅटरीवर चालणारा रिपीटर चार्ज करायचं काम रोज कुणीतरी लक्षात ठेवावं लागतं आणि लांबच्या प्रवासात संध्याकाळी कामं कमी नसतात.

बसवायला सोपं आहे, पण व्हॉल्व्हकडे नीट पाहा. कॅरव्हॅनला बहुधा रबरी व्हॉल्व्ह असतात. सेन्सरचं वजन दहा-पंधरा ग्रॅम, हातात घेतला तर काहीच वाटत नाही. पण ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण दहा फेरे घेतं आणि त्या वेगात बारा ग्रॅमचा सेन्सर व्हॉल्व्हला जवळपास एक किलोच्या जोराने बाहेर ओढतो. त्यात खडीच्या रस्त्याचे हादरे. रबरी व्हॉल्व्हला बुडापाशी चिरा जातात आणि ज्या टायरवर नजर ठेवायची तोच त्या सेन्सरपायी हवा सोडायला लागतो. मी सगळे व्हॉल्व्ह आधी धातूचे करून घेतले आणि मगच सेन्सर बसवले. टायरवाल्याकडे हे काम किरकोळ आहे. संचाच्या पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नव्हती, याचं मला वाईट वाटलं. इतकी महत्त्वाची सूचना पहिल्या पानावर हवी.

दाबाची मर्यादा ठरवताना सकाळी, चाकं हलण्याआधी, थंड टायरचं माप घ्यायचं. ऊन लागलेल्या बाजूचे टायर सावलीतल्या बाजूपेक्षा दोन-तीन पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त दाखवतात, म्हणून ऊन चढायच्या आत हे काम उरकावं. चालताना टायर तापतो आणि दाब वाढतो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला घाबरवतं. सकाळी १५ अंश तापमानात ५० पीएसआय असलेला टायर आतून ४५ अंशांपर्यंत तापला तर ५६-५७ दाखवतो. ती वाढ नैसर्गिक आहे. तापलेल्या टायरची हवा कमी करून आकडा जागेवर आणायचा नाही, कारण मग थंड झाल्यावर टायर कमी हवेवर उभा असतो. उलट दाब त्याहून बराच जास्त चढत असेल, तर सकाळची हवा त्या भाराला किंवा वेगाला कमी पडते आहे असा अर्थ. हे सुरुवातीला उलटं वाटतं. हवा कमी असली की टायर जास्त दुमडतो, जास्त तापतो, आणि म्हणून दाब जास्त चढतो.

कमी दाबाचा इशारा मी थंड मापाच्या साधारण १५ टक्के खाली ठेवतो. पण खरं सांगायचं तर या संचाचा मला झालेला सर्वात मोठा उपयोग इशाऱ्याचा नाही. एका नजरेत चारही चाकं शेजारी शेजारी दिसतात, हा तो उपयोग. सगळी चाकं एकाच रस्त्यावर, एकाच वेगात, जवळपास सारख्या ओझ्याखाली चालतात, त्यामुळे त्यांचे आकडेही जोडीने चढायला आणि उतरायला हवेत. एखादं चाक सोबत सोडून वेगळं वागायला लागलं की तिथे काहीतरी आहे.

आमच्याकडे गाडी दादा चालवतो, माझा थोरला भाऊ. स्क्रीन आमच्या सौभाग्यवतींच्या ताब्यात असतो आणि मांडीवर वही. दर थांब्याला त्या आकडे लिहितात. एका लांब खडीच्या पट्ट्यावर, जिथे रस्त्याला पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या होत्या, आम्ही हवा ३८ वर उतरवून हळू चाललो होतो. तासाभराने सगळे टायर ४३-४४ वर स्थिरावले. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "अहो, डावं मागचं एकटंच खाली येतंय. मघाशी त्रेचाळीस होतं, आता एक्केचाळीस." इशारा वाजायला अजून बराच अवकाश होता. दादाने गाडी कडेला, कडक जमिनीवर घेतली. स्क्रीनवर ४० झाले होते. चाकाभोवती बोटं फिरवली तर रबराच्या जाडीत एक स्क्रू रुतलेला, डोकं झिजून चकचकीत झालेलं.

पंक्चर जागेवरच काढलं. स्क्रू ओढून काढला, भोकात सुई फिरवून ते साफ आणि खरखरीत केलं, चिकट स्ट्रिप दाभणात ओवून आत सारली, दाभण झटक्यात ओढून घेतलं, वरचं टोक कापलं, हवा भरली, थुंकी लावून बुडबुडे येतात का पाहिलं. चाक उतरवावंही लागलं नाही. टायर कमी हवेवर चाललाच नव्हता, म्हणून तो पुढेही नीट चालला. हीच स्ट्रिप बाजूच्या भिंतीतल्या भोकाला चालत नाही. ती भिंत सतत दुमडत असते, तिथलं पंक्चर म्हणजे स्टेपनीच. स्ट्रिपचं पाकीट विकत घेताना तारीख पाहा आणि सुई-दाभण धातूच्या मुठीचं घ्या. प्लॅस्टिकची मूठ जाड टायरमध्ये जोर लावताना फिरते आणि तळहात सोलून निघतो.

हवा भरायच्या कॉम्प्रेसरबद्दल इथेच सांगतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचे छोटे कॉम्प्रेसर मोटारीच्या एका टायरपुरते ठीक. कॅरव्हॅनसकट सगळी चाकं खडीवरून पुन्हा डांबरावर आल्यावर भरायची असतील तर बॅटरीला थेट चिमटे लावायचा मोठा कॉम्प्रेसर हवा. सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा, आणि मोठा कॉम्प्रेसर याहून पुष्कळ जास्त ओढतो. इंजिन चालू ठेवूनच भरावं, नाहीतर हवा भरली पण बॅटरी बसली अशी गत होते. सलग दोन-तीन टायर भरले की कॉम्प्रेसरला थंड व्हायला वेळ द्यावा. नळी हाताला चटका देत असेल तर तो थकलाय असं समजावं.

आता या संचाच्या मर्यादेकडे येतो. ही मर्यादा कुणी ठळकपणे सांगत नाही. स्क्रीनवर तापमान दिसतं, म्हणून लोकांना वाटतं चाकाचं सगळं आरोग्य समोर आहे. तसं नाही. टोपणासारखा सेन्सर व्हॉल्व्हच्या बाहेरच्या टोकाला, वाऱ्यात फिरत असतो. तो टायरच्या आतल्या हवेचं तापमान जेमतेम सांगतो आणि हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातल्या, बेअरिंगचं तर जवळजवळ नाहीच. बेअरिंग जळून चाक शाफ्टसकट निघून जायच्या बेतात असलं तरी स्क्रीन शांत राहू शकतो.

म्हणून या संचाच्या जोडीला इन्फ्रारेड थर्मामीटर घ्याच. पिस्तुलासारखा, घोडा दाबला की समोरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगणारा. किंमत आणि उपयोग यांचं गणित मांडलं तर माझ्या पेटीतली सर्वात मोलाची वस्तू हीच. दर थांब्याला मी उतरतो आणि चारही हबवर तो रोखतो. थांबताना जोराचा ब्रेक मारायचा नाही, गाडी आपोआप मंदावू द्यायची. ड्रम ब्रेक तापले की हबही तापतो आणि मग बेअरिंगचा ताप कुठला, ब्रेकचा कुठला, हे कळेनासं होतं. आणखी एक गोष्ट कारखान्यातून माहीत होती: चकचकीत धातूवर हे यंत्र खरं तापमान सांगत नाही, बरंच कमी दाखवतं. प्रत्येक हबच्या टोपीवर मी मॅट काळ्या रंगाचा ठिपका दिला आहे आणि माप नेहमी त्या ठिपक्यावर घेतो. तेव्हा कुठे चार आकड्यांची एकमेकांशी तुलना खरी ठरते. थर्मामीटर नसेल तर उलटा पंजा हबजवळ न्यावा. हात ठेवता येत नाही इतका ताप आणि बाकीचे तीन कोमट, एवढंही पुरेसं आहे.

एकदा असंच झालं. तीन हब पन्नाशीच्या आसपास आणि उजव्या पुढच्या चाकाचा ८६. टायरचा सेन्सर त्याच चाकावर बाकीच्यांपेक्षा फक्त दोन-तीन अंश जास्त दाखवत होता. आदल्या दिवशी आम्ही एक ओढा ओलांडला होता. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. नवं, धडधाकट सील हे सहन करतं. आमच्या त्या चाकाचं सील एका जागी फाटलेलं निघालं.

चाक जॅकवर घेतलं, हाताने फिरवलं, तर आतून खरखर. वर-खाली धरून हलवलं, तर खेळ जाणवला. हबची टोपी काढली आणि ग्रीस पाहिलं: दुधाळ करडं, मध्ये काळे कण. पुढे जाण्याचा प्रश्नच नव्हता. पाणी शिरलेलं ग्रीस फार काळ वंगण करत नाही. रोलर गंजतात, मग चिरडतात, तापून आतली रिंग शाफ्टला वेल्ड झाल्यासारखी चिकटते आणि मग ते काम रस्त्यावर होण्यासारखं उरत नाही.

इथे आमच्या उपयोगी पडला तो आधीच तयार ठेवलेला डबा. हवाबंद डब्यात एका चाकाचं पूर्ण सामान: आतलं आणि बाहेरचं बेअरिंग त्यांच्या बाहेरच्या रिंगांसह, नवं सील, स्प्लिट पिन आणि ग्रीस आधीच दाबून भरलेलं. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, आमच्या हबला आतलं एलएम ६७०४८ आणि बाहेरचं एलएम ११९४९. हे नंबर कंपनी कुठलीही असली तरी तेच राहतात. म्हणजे आतलं ३१.७५ मिलिमीटर शाफ्टचं आणि बाहेरचं १९.०५ मिलिमीटरचं, मग ते कुणीही बनवलेलं असो. तुमच्या कॅरव्हॅनचे नंबर निघण्याआधी वहीत लिहून ठेवा. हबमध्ये घट्ट बसलेल्या जुन्या रिंगा पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांडक्याने) आलटून पालटून दोन्ही बाजूंनी ठोकून काढाव्या लागतात, तो ड्रिफ्ट आणि एक मध्यम हातोडाही त्याच डब्यासोबत हवा. जुनी रिंग तशीच ठेवून नवे रोलर बसवू नयेत. जुन्या रिंगेवरचे चरे नव्या रोलरला थोड्याच दिवसांत खातात.

बसवताना मधला नट चाक फिरवत फिरवत आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग तो सैल सोडायचा आणि पुन्हा फक्त बोटांच्या जोराने आवळून स्प्लिट पिन घालायची. "कचकचून आवळ, म्हणजे सुटणार नाही," असं दादा म्हणाला. मोठ्या भावाचा शब्द मी सहसा मोडत नाही, पण इथे मोडला. शंकूच्या आकाराच्या बेअरिंगला थोडा श्वास लागतो. कचकचून आवळलेलं बेअरिंग नवं असलं तरी तापून जातं. चाकाचे नट मात्र टॉर्क पान्यानेच आवळायचे आणि पन्नासेक किलोमीटरवर थांबून पुन्हा तपासायचे. त्या पहिल्या थांब्यावर मी थर्मामीटर रोखला तेव्हा उजवं पुढचं ५४ आणि बाकीचे ५१-५२. नव्या बेअरिंगला सुरुवातीला इतका फरक चालतो.

शाफ्टच खराब झाला असता तर? दोन एक्सलच्या, कमानपाट्यांच्या कॅरव्हॅनला शेवटचा एक उपाय आहे. खराब चाक काढून ते टोक साखळीने चासीला वर बांधायचं आणि उरलेल्या चाकांवर, आतलं वजनदार सामान कमी करून, अगदी सावकाश जवळच्या वस्तीपर्यंत जायचं. आम्हाला कधी वेळ आली नाही, पण साखळी आणि रॅचेटचा पट्टा नेहमी सोबत असतो. एकाच एक्सलच्या कॅरव्हॅनला हा मार्ग नाही. तिच्यासाठी सामानाचा डबा आणि थर्मामीटर यांची गरज म्हणूनच जास्त.

संचाच्या तक्रारींकडे वळतो. सर्वात त्रासदायक म्हणजे दाब बदलताना प्रत्येक सेन्सर काढून पुन्हा बसवावा लागतो. खडीच्या रस्त्यावर हवा उतरवणं आणि डांबरावर पुन्हा भरणं हे रोजचं काम होतं, त्यात दर वेळी चोरी-प्रतिबंधक नट सोडवायचा, सेन्सर पुसायचा, धूळ शिरू न देता परत फिरवायचा. रबरी वायसरवर वाळूचा एक कण बसला की तिथून हवा झिरपते. मी प्रत्येक वेळी वायसर ओल्या फडक्याने पुसतो आणि बसवल्यावर साबणाचं पाणी लावून पाहतो. चोरी-प्रतिबंधक नट मी ओसाड भागात काढूनच ठेवले. तिथे चोराचा धोका नगण्य असतो आणि उन्हात दर चाकाशी वाकून छोट्या पान्याने झुंजणं मात्र रोजचं.

दुसरी तक्रार मर्यादांची. खडीसाठी एक आणि डांबरासाठी एक, असे दोन दाब साठवून ठेवायची सोय स्क्रीनमध्ये नाही. दर वेळी मेनूत शिरून आकडे बदलावे लागतात, ते बटणं दाबून दाबून करताना सौ. वैतागतात आणि त्यांचं बरोबरच आहे. नाही बदलले तर हवा उतरवलेली सगळी चाकं एकदम बोंबलायला लागतात. सतत बोंबलणाऱ्या इशाऱ्याकडे माणूस दुर्लक्ष करायला शिकतो, आणि हा सर्वात मोठा धोका. कारखान्यात असे कायम लागलेले लाल दिवे मी पाहिले आहेत. तिथे खरा बिघाड झाला की तोही इतर दिव्यांतला एक ठरतो.

स्क्रीन भर उन्हात वाचता येत नाही. त्यावर आम्ही पुठ्ठ्याचं छपरीसारखं झाकण चिकटवलं. सेन्सरमधल्या सीआर १६३२ बटण बॅटऱ्या कडाक्याच्या थंडीत सकाळी कधी कधी सिग्नल देत नाहीत, गाडी थोडी चालली की येतो. जास्तीच्या बॅटऱ्या सोबत ठेवाव्यातच, कारण हा आकार दुर्गम भागातल्या दुकानात हमखास मिळेल असं नाही. एक सेन्सर काही महिन्यांतच दाब चुकीचा दाखवायला लागला. विक्रेत्याने बदलून दिला, पण त्यासाठी बरीच पत्रं लिहावी लागली. ओसाड प्रदेशात असताना ती हमी काहीच कामाची नाही, म्हणून एक जास्तीचा सेन्सर संचासोबतच घ्यावा. तो स्टेपनीवर लावून ठेवावा. स्टेपनीत हवा आहे की नाही हे बहुतेकांना स्टेपनी लागते त्याच दिवशी कळतं.

या सगळ्यानंतरही थांबायची वेळ येते. त्यासाठी दादाच्या सीटमागे ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे संकटाचा सिग्नल पाठवणारं यंत्र, असतो. उपग्रहांमार्फत शोध आणि बचावाची ती यंत्रणा, कोस्पास-सारसॅट, कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी मिळून उभी केली आणि सप्टेंबर १९८२ मध्ये तिच्यामुळे पहिली सुटका झाली. हा बीकन जिवावर बेतलं तरच दाबायचा. तो किमान २४ तास सिग्नल देतो, पण तुम्ही त्यावर बोलू शकत नाही. चाक तुटलं आणि सगळे सुखरूप असतील, तर त्यासाठी दोन्ही बाजूंनी निरोप देणारं उपग्रह यंत्र उपयोगी, कारण त्यावरून बेअरिंगचा नंबर कळवता येतो आणि मदतीला येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. मदत येईपर्यंत गाडी सोडून चालत निघायचं नाही. सावली, पाणी आणि लांबून दिसणारा मोठा आकार, हे तिन्ही गाडीपाशीच असतं.

संचाला पाचपैकी चार गुण देतो, थर्मामीटरला पूर्ण पाच. पुढचा संच घेताना मी सेन्सर न काढता त्यातूनच हवा भरता येईल असे, आरपार तोंडाचे सेन्सर पाहणार आहे. ते थोडे लांब आणि जड असतात, म्हणून धातूचे व्हॉल्व्ह तेव्हाही लागतीलच. रिपीटर थेट कॅरव्हॅनच्या बॅटरीवर चालणारा हवा, आणि स्क्रीनवर दोन दाब साठवायची सोय आहे का हे विकत घेण्याआधी पुस्तिका मागवून तपासणार. खोक्यावरच्या यादीत ती सोय लिहिलेली असली तरी बटणं किती वेळा दाबावी लागतात, ते पुस्तिकेतच कळतं.